आजारी मुलाच्या कुटुंबाला मदत करायचीय? पैसे पाठवायच्या आधी एवढं वाचा

कुणाचं तरी लहान मूल मोठ्या आजाराने ॲडमिट आहे असा मेसेज ग्रुपवर येतो, सोबत फोटो, खाली अकाउंट नंबर, आपण जमेल तेवढे पैसे पाठवतो, हात जोडलेला इमोजी टाकतो आणि कामाला लागतो. बहुतेकांचं दान इथे सुरू होतं आणि इथेच संपतं. त्यात वाईट काही नाही, पण पैसे पोचले का, त्या घराला तेव्हा नेमकी कशाची नड होती, यातलं काहीच कळत नाही आणि मग पुढच्या वेळी तसाच मेसेज आला की "खरं असेल का हे" म्हणून हात आखडतो.

मी या प्रकाराच्या दोन्ही बाजूंना राहिलेय. आमच्या घरात एका मुलाचं आजारपण लांबलं तेव्हा आम्ही मदत घेतली, आणि आता बरीच वर्षं एका छोट्या गटात अशा घरांपर्यंत मदत पोचवायचं काम बघते. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. ऑपरेशनला आणि बिलाला लोक सढळ हाताने देतात, पण घर मोडतं ते बिलाबाहेरच्या खर्चाने, आणि तेसुद्धा काही महिने गेल्यावर, सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे लागल्यावर. म्हणून पहिल्यांदाच देणाऱ्यांसाठी हे क्रमाने लिहितेय.

१. आधी खर्च कुठे होतो ते समजून घ्या

मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा कॅन्सर म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. त्याचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात. पहिले काही महिने जोरदार केमो, सारखं ॲडमिट होणं, आणि मग मेंटेनन्स नावाचा लांबलचक टप्पा, ज्यात मूल घरी असतं पण रोजच्या गोळ्या, नियमित रक्ततपासण्या आणि हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरूच असतात. थॅलेसेमिया मेजर (जन्मजात रक्ताचा आजार) असेल तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, शिवाय अंगात साठणारं लोह काढायची औषधं वेगळी. किडनी निकामी झालेल्या मुलाला हॉस्पिटलमध्ये हिमोडायलिसिस (मशीनने रक्त साफ करणं) करायचं म्हणजे बहुतेकदा आठवड्याला तीन वाऱ्या. या प्रत्येक वारीला एक मोठा माणूस सोबत लागतो, म्हणजे त्या दिवशी त्याचं काम बुडतं, म्हणजे थोड्याच दिवसांत आई किंवा बाबा यातल्या एकाची नोकरी जाते किंवा सोडावी लागते. खर्च वाढतो आणि त्याच वेळी कमाई अर्धी होते. बिल सरकारी योजनेने नाहीतर विम्याने पूर्ण भरलं तरी हे गणित सुटत नाही.

एक गोष्ट जरा सविस्तर सांगते कारण ती देणाऱ्यांना माहितच नसते. केमोमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप कमी होतात, विशेषतः जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी. अशा वेळी ताप ३८ डिग्री सेल्सियसच्या वर गेला की ती इमर्जन्सी धरतात आणि हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. आता विचार करा, रात्री दोन वाजता आईने काखेत थर्मामीटर लावलाय, आकडा ३८.२ दाखवतोय आणि हॉस्पिटल पाच तासांवर आहे. म्हणून ही कुटुंबं गाव सोडून हॉस्पिटलजवळ खोली घेऊन राहतात, दाराशी बॅग भरून ठेवलेली असते, त्यात फाईल, चार्जर, एक जोड कपडे, पाण्याची बाटली. त्या खोलीचं भाडं कुठल्याही बिलात येत नाही. ते भाडं म्हणजे उपचाराचाच भाग आहे, पण पावती वेगळ्या कागदावर फाटते म्हणून लोकांना तो तसा वाटत नाही.

हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांनी त्यावरच संस्था उभ्या केल्या. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया ईगल्स या टीमचा अमेरिकन फुटबॉल खेळाडू फ्रेड हिल याच्या लहान मुलीला ल्युकेमिया झाला तेव्हा तो आणि त्याची बायको हॉस्पिटलच्या खुर्च्या-बाकांवर झोपायचे आणि मशीनमधलं मिळेल ते खायचे, आणि आजूबाजूला बाकीचे आईबाप तेच करताना बघायचे. त्याच्या टीमने पैसे उभे केले, मुलांच्या कॅन्सरच्या डॉक्टर ऑड्री इव्हान्स यांना आईबापांना राहायला घर हवंच होतं, आणि १९७४ मध्ये फिलाडेल्फियात पहिलं रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाऊस सुरू झालं. अमेरिकेतल्याच मेम्फिसमधलं सेंट ज्यूड हॉस्पिटल १९६२ मध्ये नट डॅनी थॉमसने लोकांच्या देणग्या गोळा करून सुरू केलं, ते तर उपचारांबरोबर प्रवास, राहणं आणि जेवण यांचंही बिल कुटुंबाला देत नाही. २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्थासुद्धा कॅन्सरच्या उपचारासाठी बाहेरून आलेल्या मुलांना आईबापांसकट राहायची सोय करून देते.

आणि हे न मिळाल्यावर काय होतं? उपचार अर्धवट सुटतात. डॉक्टरांच्या भाषेत सलग चार आठवडे किंवा त्याहून जास्त ठरलेले उपचार चुकले की ते सोडल्यात जमा. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलं आणि किशोरवयीनांना कॅन्सर होतो, श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात आणि अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. उशिरा निदान होणं वगैरे कारणं आहेतच, पण उपचार मध्येच सोडणं हेही त्यातलं एक ठळक कारण आहे. मेंटेनन्समध्ये मुलाचे केस परत येतात, ते खेळायला लागतं, आणि घरात पैसा संपलेला असतो. अशा वेळी "आता बरंय की, पुढच्या महिन्यात जाऊ" असं म्हणणारा बाप बेफिकीर नसतो, तो दमलेला असतो.

२. हाताशी काय ठेवायचं

फार काही लागत नाही, पण आधी जमवून ठेवा:

- तुमचं ओळखपत्र आणि कर भरताना वापरता तो नंबर (पावतीवर नाव-नंबर चुकला तर करसवलत अडकते)
- कुटुंबाला थेट देणार असाल तर हॉस्पिटलच्या लेटरहेडवरचं खर्चाचं अंदाजपत्रक, त्यावर तारीख, सही-शिक्का आणि पेशंटचा रजिस्ट्रेशन नंबर
- संस्थेला देणार असाल तर तिचा नोंदणी क्रमांक आणि मागच्या दोन-तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब
- एक वही किंवा साधी एक्सेल शीट: कुणाला, किती, कशासाठी, पावती आली का

शेवटचं लोकांना उगाच वाटतं. नाहीये. वर्षाअखेरीस तुम्हीच स्वतःला विचारणार आहात की एवढे पैसे कुठे गेले.

३. कुणामार्फत द्यायचं ते ठरवा

तीन रस्ते आहेत. एक, मोठी संस्था, जी राहायची सोय, प्रवास, औषधं असं काम कायमचं करते. दोन, हॉस्पिटलचा स्वतःचा गरीब पेशंट फंड. तीन, थेट एखादं कुटुंब.

नवीन असाल तर माझं ऐका, दुसऱ्या रस्त्याने सुरुवात करा. मुलांवर उपचार करणाऱ्या बहुतेक मोठ्या हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर असतात, काही ठिकाणी त्यांना समाजसेवा अधीक्षक वगैरे म्हणतात. कुठल्या घराला कुठली योजना लागू झाली, कोण कर्जात आहे, कोणाचं मूल या आठवड्यात तपासणीला आलंच नाही, हे सगळं या माणसाला माहीत असतं. फोन करून जा, गर्दीच्या वेळी जाऊ नका, आणि "एखादं गरजू मूल दाखवा" असं तर चुकूनही म्हणू नका. विचारायचं ते असं: "तुमच्याकडे कुठल्या खर्चाला पैसेच मिळत नाहीत?" या एका प्रश्नाला जी उत्तरं येतात ती ऐकून मी बरेचदा चाट पडलेय. बसचं भाडं. दुसऱ्या भावंडाची शाळेची फी. गोळ्या ठेवायला छोटा फ्रीज. मृत्यूनंतर गावी न्यायला गाडी.

थेट कुटुंबाला देणं मनाला सगळ्यात जवळचं वाटतं, पण ज्या घराचा फोटो छान आला, ज्यांना इंटरनेट वापरता येतं, ज्यांच्या ओळखीपाळखी आहेत त्यांच्याकडेच पैसा वाहतो आणि शेजारच्या बेडवरचं मूल तसंच राहतं, हे मी सारखं बघते. ओळखीतलं कुटुंब असेल तर जरूर द्या, फक्त तेवढ्यावर थांबू नका.

४. संस्था तपासायची कशी

वेबसाइटवरचे हसऱ्या मुलांचे फोटो बघून काही ठरवू नका. नोंदणी खरी आहे का ते सरकारी यादीत बघा, हिशेब मागा, आणि एक फोन करून सरळ विचारा की मागच्या वर्षी किती कुटुंबांना कशा स्वरूपात मदत दिली. नीट काम करणारी माणसं या प्रश्नाला चिडत नाहीत, उलट जरा जास्तच सांगत बसतात.

"माझा शंभर टक्के पैसा मुलालाच गेला पाहिजे, ऑफिसखर्चाला नको" असा आग्रह बरेच जण धरतात. मला तो पटत नाही. रात्री अकरा वाजता आईचा फोन उचलणारी समुपदेशक पगारावर असते. राहायच्या घराची साफसफाई रोज करावी लागते कारण तिथल्या मुलांची प्रतिकारशक्ती शून्याच्या आसपास असते. हा सगळा "ऑफिसखर्च"च आहे. खर्च फारच जास्त वाटला तर जरूर खोदून विचारा, पण तो नसावाच अशी अपेक्षा ठेवू नका.

५. ऑनलाइन आवाहन आलं तर

इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते त्यामुळे घाई करू नका, कितीही रडवणारा व्हिडिओ असला तरी दहा मिनिटं थांबा.

फोटो रिव्हर्स इमेज सर्चमध्ये टाका, म्हणजे तो फोटो इंटरनेटवर अजून कुठे आहे ते दिसतं. तोच फोटो वेगळ्या नावाने, वेगळ्या आजारासाठी, दोन वर्षांपूर्वी फिरलेला निघू शकतो. हॉस्पिटलचा नंबर मेसेजमधून घेऊ नका, स्वतः शोधा आणि फोन करा. ते आजाराची माहिती देणार नाहीत आणि देऊही नये, पण या रजिस्ट्रेशन नंबरवर पैसे थेट जमा करता येतात का एवढं सांगतात. शक्य असेल तिथे पैसे हॉस्पिटलच्या पेशंट अकाउंटला भरा. वैयक्तिक अकाउंट किंवा क्यूआर कोड असेल तर तो कुणाच्या नावाचा आहे आणि त्याचं मुलाशी नातं काय, हे कळल्याशिवाय नाही.

देणग्या गोळा करणाऱ्या वेबसाइटवरून देताना फी किती कापतात ते वाचा, आणि पेमेंटच्या स्क्रीनवर टिप म्हणून एक रक्कम बरेचदा आधीच निवडलेली असते ती बघा, हवी तर ठेवा नाहीतर शून्य करा. अजून एक प्रश्न कुणीच विचारत नाही: जमलेली रक्कम गरजेपेक्षा जास्त झाली किंवा मधेच मूल गेलं तर उरलेल्या पैशाचं काय होणार? आवाहनात हे लिहिलेलं नसेल तर मेसेज करून विचारा.

आणि खरं आवाहन निघालं तर? फॉरवर्ड करताना तारीख टाका. जुनं झालेलं आवाहन वर्षभर फिरत राहतं आणि त्या घराला फोन येत राहतात. मूल जाऊन महिने झाले तरी येतात.

६. एकरकमी की दरमहा

दरमहा. रक्कम लहान असली तरी चालेल.

कारण वर सांगितलंच, सुरुवातीच्या महिन्यात सगळे धावतात, ऑफिसमधले, नातेवाईक, शाळा. सातव्या महिन्यात कुणी नसतं आणि भाडं असतं. दर महिन्याला ठरलेली रक्कम येणार हे माहीत असलं की संस्था खोलीचा करार करू शकते, प्रवासाचे पास आधी काढून ठेवू शकते. बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावा, म्हणजे रक्कम दर महिन्याला आपोआप जाते, आणि विसरा.

"फक्त औषधासाठीच वापरा" अशी अट घालायची का? पहिल्यांदा देताना भरवसा नसतो म्हणून घालावीशी वाटते, ठीक आहे. पण वर्षभर काम बघून विश्वास बसला की अट काढा, कारण नाहीतर औषधाच्या खात्यात पैसे पडून असतात आणि गाडीच्या डिझेलला नसतात, असं होतं.

मुलांच्या इच्छा पूर्ण करणाऱ्या संस्थांना द्यावं का, असंही विचारतात. मेक-अ-विश १९८० मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात एका आजारी मुलाला एक दिवसासाठी पोलीस बनवण्यातून सुरू झाली. मला त्यात काही चैन वाटत नाही. मात्र हातात एकच रक्कम असेल तर मी आधी भाड्याला देईन.

७. वस्तू आणि रक्त

वस्तू न विचारता नेऊ नका. फुलं, फळांच्या टोपल्या, घरी केलेले पदार्थ हे प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलांच्या वॉर्डात बऱ्याच ठिकाणी दारातच परत पाठवतात, इन्फेक्शनच्या भीतीने. मऊ केसाळ खेळणी तशीच. नवीन, पुसता येणारी, प्लॅस्टिकची खेळणी चालतात, चित्रकलेची वही-रंग नवं पाकीट असेल तर चालतात. घरातली वापरलेली खेळणी, जुने कपडे साफ करायची ही जागा नव्हे. उरलेली औषधंही स्वतःहून कुणाला देऊ नका, अगदी न फोडलेली पट्टी असली तरी.

आणि मोठ्या मुलांना विसरू नका. पंधरा वर्षांच्या मुलाला कुणीतरी भोपळ्याच्या आकाराचा खुळखुळा दिलेला मी पाहिलाय. त्यांना इअरफोन, मोबाइलचा डेटा, लांब वायरचा चार्जर लागतो.

पैसे नसतील तर रक्त द्या, खरंच. रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, साधारण पाचच दिवस टिकतात, म्हणून त्यांचा साठा करून ठेवता येत नाही, कुणीतरी सतत देत राहावं लागतं. ब्लड बँकेत नाव नोंदवा आणि बोलावतील तेव्हा जा, एकाच दिवशी पन्नास जणांनी जाऊन उपयोग नसतो. मुलाचे सख्खे नातेवाईक असाल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, कारण पुढे बोन मॅरो (हाडांतला, रक्त बनवणारा मगज) ट्रान्सप्लांट करायचा असेल तर घरच्यांचं रक्त चढवणं टाळतात. सख्ख्या भावंडाचा मॅरो पूर्ण जुळायची शक्यता चारात एक असते, म्हणजे अनेक मुलांना परका दाता शोधावा लागतो. तुमचं वय बसत असेल तर दात्यांच्या रजिस्ट्रीत नाव घाला, सुरुवातीला गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतात, एवढंच.

८. कुटुंबाशी बोलताना

पैसे दिले म्हणजे रिपोर्ट बघायचा हक्क मिळाला असं नाही. मुलाचा फोटो मागू नका, चेक देतानाचा तर अजिबात नको. मुलं मोठी होतात, बरी होतात, आणि मग शाळेत कुणीतरी तो टक्कल पडलेला फोटो शोधून काढतो.

"काही लागलं तर सांगा" हे वाक्य सगळे म्हणतात आणि कुणी सांगत नाही. त्याऐवजी ठरवून विचारा: "गुरुवारी मी धाकटीला शाळेतून आणू का?" याला हो किंवा नाही म्हणता येतं. कुणाच्या तरी मावशीला अमुक काढ्याने बरं वाटलं हे सांगायचा मोह होतो, तो आवरा. केमोबरोबर काही वनस्पतींची औषधं घातक ठरू शकतात आणि आईबाप त्या वेळी कशावरही विश्वास ठेवायच्या मनःस्थितीत असतात.

९. उपचार थांबल्यावर

मूल बरं होऊन घरी गेलं की आवाहन बंद होतं, पण कर्ज असतं, बुडालेलं काम असतं, शाळेतली मागे पडलेली वर्षं असतात, आणि पुढची बरीच वर्षं तपासणीच्या फेऱ्या असतात. शक्य असेल तर तुमची मदत अजून काही महिने चालू ठेवा.

बरं होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं तरीही पैशाची गरज संपत नाही. वेदना कमी करणं, घरी नर्स येणं, आईबापांना दोन रात्री झोप मिळणं यालाही पैसे लागतात आणि यासाठी कुणी आवाहन करत नाही. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डमध्ये १९८२ मध्ये सिस्टर फ्रान्सिस डोमिनिका यांनी हेलन हाऊस सुरू केलं, फक्त मुलांसाठीचं जगातलं पहिलं हॉस्पिस (बरे न होणाऱ्यांची काळजी घेणारं घर), तिथे संपूर्ण कुटुंबाला राहता येतं. तुमच्या जवळच्या हॉस्पिटलात मुलांसाठी पॅलिएटिव्ह टीम, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी टीम, आहे का विचारा, असली तर तिला पैसे हवेच असतात. मूल गेल्यावर कुटुंबाला मदत पाठवायची असेल तर आधी सोशल वर्करशी बोला आणि त्यांच्यामार्फतच द्या. आणि दरमहाचं दान कधी थांबवायची वेळ आली, नोकरी गेली, अडचण आली, तर ते नुसतं बँकेतून बंद करू नका, संस्थेला दोन महिने आधी मेल करा, म्हणजे त्या खोलीच्या भाड्याला ते दुसरा कुणीतरी शोधू शकतात.